शिरोरेषा

संस्थेच्या ताईंनी गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं,
त्यावर माझं नाव आणि खाली: मेंटॉर.
कॉम्प्युटरची अक्षरं. शिरोरेषा दोन ठिकाणी तुटलेली.
मी काही बोललो नाही.
चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या,
दामू पेंटर, तुर्भे स्टोअर,
ट्रकांच्या पाठी, दवाखाने, उमेदवारांची नावं भिंतभर,
मग फ्लेक्स आला
आणि हात रिकामे झाले ते झालेच.

आमच्यात मेंटॉर नव्हता. उस्ताद होता.
तो आधी सहा महिने नुसते ब्रश धुवायला लावायचा.
उलव्याच्या या लेबर कॅम्पात
पोरांकडे सहा महिने नव्हते.
इमारतीचे चार मजले उरले होते.

रविवारी दुपारी, पत्र्याच्या खोल्यांमधल्या बोळात
सोफिकुल मालद्याचा, शरणबसू कलबुर्गीचा,
दोन सख्खे भाऊ, ज्यांनी दोन वेगळी गावं सांगितली,
आणि जेमा,
बलांगीरची, बारा-तेरा वर्षांची, कडेवर धाकटा.
तो कडेवर असतानाच ती सगळं करायची.

ताई म्हणाल्या होत्या, घर काढायला लावा.
सगळ्यांनी तेच काढलं:
दोन डोंगर, मधून सूर्य, उतरतं छप्पर, एक नारळ.
असल्या घरात कुणीच राहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.
म्हटलं, राहू दे. नावं लिहू.

नावातलं मला कळतं.
आधी रेघ मारायची, सरळ, श्वास धरून,
मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं
एकेक अक्षर टांगत जायचं.
रेघ हलली की अख्खी पाटी प्यायल्यासारखी दिसते.
उस्तादानं यासाठी पट्टीनं माझी बोटं फोडली होती.

जेमानं रेघ मारलीच नाही.
पत्र्यावर थेट निळा ब्रश टेकवला
आणि डोक्यावर छत्री धरल्यासारखी
गोल, गोल अक्षरं.
रेघ कुठंय गं? माझा आवाज चढलाच.
आमच्यात नसते, ती म्हणाली.
पूर्वी ताडाच्या पानावर लोखंडी टोकानं लिहायचे.
सरळ रेघ मारली की पान फाटतं.
एवढ्यात धाकट्यानं निळ्यात हात बुडवला.
तिनं तो आपल्याच फ्रॉकला पुसला
आणि पुढचं अक्षर घेतलं.

त्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी तिचं नाव काढून पाहिलं.
एकसष्ट वर्षांचा हात,
वळण संपता संपता सरळ पळायचा,
बैल ओळखीच्या वाटेला लागतो तसा.
पहिलं अक्षर जमलं बहुतेक. दुसरं नाही.
रविवारी तिला दाखवलं.
ती हसली नाही. कागद लांब धरून पाहिला.
ब्रश दाबून धरताय, म्हणाली.

दिवाळीच्या आधी शेवटचा स्लॅब भरला.
मी गेलो तेव्हा कॅम्प अर्धा उतरवलेला,
पत्र्यांची थप्पी टेम्पोत चढत होती.
मुकादमानं हात हलवला, हैदराबादकडे म्हणाला,
किंवा मी तसं ऐकलं.
निळ्या नावाचा पत्रा थप्पीत मधेच कुठेतरी.
मागितला.
मोजून आणलेत, म्हणाला.

परवा रात्री अनोळखी नंबर.
मागे मिक्सरची घरघर, एक मूल रडतंय.
सर, इथल्या दुकानदाराला पाटी पाहिजे, तेलुगूत.
अक्षरं गोलच आहेत, मी बघून काढीन.
बारीक ओळीला ब्रश कितीचा?

तीन नंबर, मी म्हटलं.
टर्पेंटाईन बेतानं घाल, ओघळतं.
आणि ऐक,
अर्धे पैसे आधी घे.